नांगर दिसला म्हणजे नौदल नव्हे

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. सासरे गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी आम्ही उघडली. तिच्यात रुमालात गुंडाळून ठेवलेला एक जुना बिल्ला निघाला. टोपीवर लावतात तसला. काळ्या लोकरी कापडावर जरीचे भरगच्च काम, मध्ये नांगर, दोन्ही बाजूंनी पाने आणि वर मुकुट. जर बरीच काळवंडली आहे. मागे तपकिरी कागद चिकटवलेला असून त्यावर अर्धवट छापील अक्षरे दिसतात. सासऱ्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात ‘जहाजावर’ होते, याहून अधिक घरात कुणालाच माहीत नाही. दिरांचे म्हणणे, हा ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्याचा बिल्ला आहे. घराण्याच्या इतिहासाची एक पुस्तिका छापायला निघाली आहे, तीत त्यांना तसे लिहायचे आहे. जुन्या वस्तू जमवणारे एक परिचित म्हणतात, हा कुठल्या तरी यॉट क्लबचा, किंमत शून्य. मी भिंगातून पाहिले तेव्हा मुकुटात रत्नांच्या जागी छोटी गलबते दिसली. की भास झाला? बिल्ला पॉलिश करून फ्रेम करावा का? आणि माझ्या मुलाला शाळेच्या नाटकात कॅप्टनच्या टोपीवर तो लावायचा आहे. द्यावा का?

— एक वाचक

उत्तर

भास झालेला नाही. घरातल्या सगळ्यांनी बिल्ला हाताळला असेल, पण बघायचे तिथे तुम्हीच बघितलेत. मुकुटात खरोखर गलबते असतील तर दीरही चुकले आणि ते जाणकार परिचितही. हा बहुधा ब्रिटनच्या व्यापारी जहाजांवरच्या, म्हणजे मर्चंट नेव्हीच्या, अधिकाऱ्याच्या टोपीवरचा बिल्ला आहे. ‘बहुधा’ म्हणतो, कारण तुम्ही वर्णन पाठवले आहे, फोटो नाही. पुढच्या आणि मागच्या बाजूचे दोन चांगले फोटो मिळाले तर तो शब्द खोडता येईल, किंवा त्याखाली दुहेरी रेघ मारावी लागेल.

असले बिल्ले ओळखताना सगळे एकाच ठिकाणी अडकतात. नांगर दिसला की नौदल, असा निकाल लावून मोकळे होतात. खरे तर अख्ख्या बिल्ल्यात सर्वांत कमी बोलणारी गोष्ट म्हणजे तो नांगर. नौदले तो लावतात, व्यापारी जहाज कंपन्या लावतात. तटरक्षक दले, कस्टमची गस्ती जहाजे, बंदर खाती, बंदरात जहाज आणून देणारे पायलट, सी कॅडेट, सी स्काउट, यॉट क्लब, सगळ्यांकडे नांगर आहे. त्यात भर म्हणून पर्यटकांना विकायच्या ‘कॅप्टन’ टोप्या. त्यांच्यावरचा सोनेरी नांगर कुठल्याही सेवेचा नसतो. अमेरिकेच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसच्या चिन्हात तर नांगराला वैद्यकाचा सर्पदंड आडवा छेद देतो. तिथले अधिकारी गणवेश घालतात, पण काम सार्वजनिक आरोग्याचे. १७९८ साली खलाशांच्या औषधपाण्यासाठी जी व्यवस्था सुरू झाली तिच्यातून ही सेवा वाढली, म्हणून नांगर आजतागायत टिकला.

तुमच्या नांगराला दोर गुंडाळलेला आहे का ते पत्रातून कळत नाही. असला तरी फार हुरळून जाऊ नका. दोर गुरफटलेला नांगर समुद्रावर म्हणजे डोकेदुखी, कुठल्याही तांडेलाला विचारा. तरी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडच्या लॉर्ड हाय ॲडमिरलच्या मुद्रेवर तो बसला आणि तिथून जगभर उचलला गेला. ब्रिटिश नौदलाने घेतला, अमेरिकी नौदलाच्या चीफ पेटी ऑफिसरांनी घेतला आणि टोप्या शिवणाऱ्या कारखान्यांनीही घेतला. दिसायला छान, एवढीच त्याची साक्ष.

तेव्हा नांगरावर बोट ठेवा, म्हणजे तो झाकला जाईल, आणि उरलेला बिल्ला वाचा. सुरुवात अगदी वरून करायची.

वर राजमुकुट असेल तर एखाद्या राजेशाहीचा संबंध येतो. पण तो ब्रिटनचाच असेल असे नाही. नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन यांच्या नौदलांकडेही आपापले मुकुट आहेत. ब्रिटिश राजमुकुट असला तरी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडची नौदले त्याच घराण्याचे मुकुट लावत आली. भारतीय नौदलाच्या बिल्ल्यावरही १९५० पर्यंत मुकुट होता, प्रजासत्ताक झाल्यावर त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. राजा नसलेल्या देशांत वरची जागा दुसरे कुणी घेते. अमेरिकी नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या टोपीवर चंदेरी गरुड, ढाल आणि मागे दोन आडवेतिडवे सोनेरी नांगर असतात. त्या गरुडाची मान १९४१ मध्ये फिरवून त्याच्या उजवीकडे केली, त्यामुळे तो कुठे बघतो यावरूनही काळ लागतो. सोव्हिएत बिल्ल्यावर लाल तारा आणि विळा-हातोडा. जपानच्या शाही नौदलाच्या नांगरावर चेरीचे फूल आणि भोवती चेरीचीच पाने. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाची जी हवाई शाखा होती तिच्या अधिकाऱ्यांनी तर नांगरच काढून तिथे पक्षी बसवला.

ब्रिटिश राजमुकुटावरून काळ कसा काढतात तेही सांगून ठेवतो, कारण हा बिल्ला सोडून घरात आणखी काही निघाले तर उपयोगी पडेल. मुकुटाच्या वरच्या दोन कमानी कशा आहेत ते बघायचे. घुमटासारख्या सरळ वर चढून गोल होत असतील तर तो ट्यूडर मुकुट, १९०१ नंतरच्या राजांच्या काळातला. कमानी मधोमध खाली दबल्या असतील तर सेंट एडवर्ड मुकुट, राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या काळातला, म्हणजे १९५३ च्या आसपासपासून पुढचा. जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘घुमटाकार म्हणजे युद्धकाळातला’ असे सर्रास ऐकवतात. पण २०२२ मध्ये राजे चार्ल्स तिसरे यांनी पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला. आता काल शिवलेल्या बिल्ल्यावरही घुमट दिसू शकतो. शिवाय जरीच्या कामात मुकुट नखाएवढा असतो. भरणाऱ्याचा हात जरा हलला की ट्यूडरचा एडवर्ड होतो. धातूच्या बिल्ल्यावर ही खूण भक्कम, जरीवर कच्ची.

आता तुमचा मुकुट. एक साधी गोल पट्टी, तिच्यावर एक आड एक अशी जहाजाची मागची बाजू आणि फुगलेले चौकोनी शीड. कमानी नाहीत, वर क्रूस नाही. याला नेव्हल क्राउन म्हणतात. तुम्हाला गलबते दिसली ती हीच. भिंग पुन्हा लावा आणि दिवा समोरून न धरता एका कडेने, जवळजवळ कापडाला टेकवून धरा. जरीचे उंचवटे सावली टाकतील आणि शिडाची चौकट व जहाजाचा फुगीर मागचा भाग वेगवेगळे दिसतील. रत्नांचे खडे असतील तर ते गोल मण्यांसारखे, ओळीत आणि एकसारखे दिसतात. शिडे तशी दिसणार नाहीत.

दिरांची गल्लत होणे साहजिक आहे. नाव ‘नेव्हल’ आणि ब्रिटिश युद्धनौकांच्या मानचिन्हांवर, म्हणजे जहाजावर टांगतात त्या गोल ढालींवर, हाच मुकुट असतो. पण नौदलाच्या अधिकाऱ्याच्या टोपीवर तो नसतो. तिथे चंदेरी नांगर, सोनेरी पाने आणि वर राजाचा किंवा राणीचा मुकुट. नौदलातल्या महिला दलाच्या अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यात पाने निळ्या धाग्यात, पण मुकुट राजाचाच. टोपीवर गलबतांचा मुकुट दिसला की नजर व्यापारी जहाजांकडे वळवायची.

व्यापारी जहाजांचा हा गणवेश आला कुठून, ते कळले तर पुस्तिकेत लिहायलाही बरे. पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटनच्या व्यापारी जहाजांना एक गणवेश असा नव्हताच. ज्या कंपनीचे जहाज तिच्या पद्धतीचा कोट, तिच्या पद्धतीची टोपी. लहान कंपन्यांत तेही नाही. युद्धात पाणबुड्यांनी ही जहाजे धडाधड बुडवली आणि लढाऊ नसलेली ही माणसे लढाईचे मोल चुकवू लागली. १९१८ मध्ये राजाच्या आदेशाने सर्वांसाठी प्रमाण गणवेश ठरला आणि १९१९ मध्ये तो हक्क नसलेल्यांनी घालू नये म्हणून स्वतंत्र कायदा झाला. टोपीवरचा गलबतांचा मुकुट या प्रमाण गणवेशातला. १९२८ मध्ये राजे जॉर्ज पाचवे यांनी युवराजांना ‘मास्टर ऑफ द मर्चंट नेव्ही अँड फिशिंग फ्लीट्स’ ही पदवी दिली. तोवर मर्चंट नेव्ही हे नाव चांगलेच रुळले होते.

मोठ्या कंपन्यांनी मात्र आपला डौल सोडला नाही. त्यांचे बिल्ले वेगळेच राहिले आणि यॉट क्लबवाल्या परिचितांचा घोळ बहुधा इथे झाला असावा. कंपनीच्या बिल्ल्यात मध्यभागी तिचा झेंडा किंवा त्यावरचे चिन्ह असते, पुष्कळदा रंगीत मिन्यात. व्हाइट स्टार लाइनचा लाल झेंड्यावर पांढरा तारा. क्युनार्डचा पृथ्वीगोल धरलेला सिंह. पी अँड ओच्या झेंड्यात निळा, पांढरा, लाल, पिवळा असे चार त्रिकोण, कारण कंपनीचा जम पोर्तुगाल आणि स्पेनच्या फेऱ्यांवर बसला. निळा-पांढरा पोर्तुगालच्या राजघराण्याचा, लाल-पिवळा स्पेनचा. रॉयल मेलच्या झेंड्यात लाल फुलीवर चक्क राजमुकुट होता, त्यामुळे ‘राजमुकुट म्हणजे नौदल’ हेही डोळे मिटून म्हणता येत नाही. यॉट क्लबच्या बिल्ल्यात बहुतेक वेळा क्लबची त्रिकोणी पताका असते. झेंडा चौकोनी की त्रिकोणी, एवढ्यावर पुष्कळदा काम भागते. तुमच्या वर्णनात झेंडाही नाही आणि पताकाही नाही. मग परिचितांनी क्लब कुठून काढला? मला वाटते, जरीचे काम श्रीमंती दिसले म्हणून. जरीच्या बिल्ल्याचा आणि श्रीमंतीचा संबंध नाही. अधिकाऱ्याच्या टोपीला तो रिवाजच होता.

‘किंमत शून्य’ हा शेरा मात्र जरा जपून ऐका. विकत घेण्याचा विचार असलेला माणूस किंमत शून्य सांगतो तेव्हा तो मत देत नसतो, सौदा करत असतो. तुमचे परिचित तसे नसतीलही. पण ओळख पटेपर्यंत बिल्ला कुणाच्या हाती ‘बघून देतो’ म्हणून देऊ नका.

मागची बाजू बघणे लोक विसरतात. धातूचा बिल्ला असेल तर माझी नजर आधी पाठीवर जाते. दोन कड्या असून त्यांतून पिन सरकवायची असेल तर ब्रिटिश पद्धत. खाली लांबट पट्टी असून ती टोपीच्या फटीत खोचायची असेल तीही ब्रिटिश, पण जास्त करून लष्कराची. मळसूत्री दांडी आणि गोल नट असेल तर अमेरिका किंवा सोव्हिएत गोटाकडे बघायचे. दोन टोकदार खिळे आणि चिमटीत दाबायची टोपणे असतील तर ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पसरलेली आणि आजही स्वस्त पिनांना लावतात तीच व्यवस्था. पाठ खडबडीत, बारीक फोडांची आणि पुढची रेघ साबण झिजल्यासारखी बोथट असेल तर माल ओतीव, म्हणजे खऱ्या बिल्ल्यावरून साचा काढून केलेली नक्कल. मूळ बिल्ले ठशाखाली ठोकलेले असतात. त्यांची पाठ पुढच्या आकृतीचा उलटा ठसा दाखवते.

आणखी एक सापळा. चांदीच्या वस्तूच्या पाठीवर इवलासा नांगर ठोकलेला असला की तो नौदलाचा शिक्का समजून लोक फसतात. तो बर्मिंगहॅमच्या परीक्षण कार्यालयाचा शिक्का असतो, चांदीचा कस तपासल्याचा. हे कार्यालय १७७३ साली सुरू झाले आणि बर्मिंगहॅमला समुद्र जवळपाससुद्धा नाही. त्या शिक्क्याचा चमचा, सिगारेटची डबी, लहान मुलाचा खुळखुळा काहीही सापडेल. शेजारी सिंह असेल तर चांदी अस्सल आणि अक्षर असेल तर त्यावरून वर्ष निघते.

तुमचा बिल्ला कापडी. तो टोपीवर शिवून टाकतात, म्हणून पिन किंवा कडी नसेल. कडेला शिवणीची भोके किंवा तुटका दोरा राहिला आहे का पाहा. असेल तर तो कधी तरी खरोखर टोपीवर होता. नसेल तर कोराच राहिला, म्हणजे बदली म्हणून घेतलेला किंवा कुणाकडून आलेला. मागच्या तपकिरी कागदाला नख लावू नका. ‘खाली काय आहे बघू’ म्हणून पुष्कळांनी असे कागद ओलवून काढले आणि अक्षरांसकट गमावले. दिवा पुन्हा तिरपा धरा, फोटो काढा, फोनवर कॉन्ट्रास्ट वाढवा, रंग काढून काळा-पांढरा करा. अक्षरे पुष्कळदा तेवढ्यावर उठतात. ‘गॉंट’, ‘फर्मिन’, ‘गीव्ह्‌ज’ असे काही निघाले तर ती बिल्ले बनवणाऱ्यांची किंवा गणवेश शिवणाऱ्यांची नावे आहेत. दुकानाचे नाव दुकान सांगते, सेवा सांगत नाही. गीव्ह्‌ज हे नौदलाचे नामांकित शिंपी खरे, पण त्यांच्या नावावरून दिरांना पुन्हा आशा वाटायला नको. ‘आरडी’ अशी अक्षरे आणि पुढे आकडा असेल तर ती ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या नमुन्याची संख्या. ही मालिका १८८४ पासून सलग चालली, त्यामुळे नमुना कोणत्या वर्षी नोंदला ते काढता येते. बिल्ला त्यानंतरचा, एवढे नक्की.

जर काळी पडली आहे याचे तुम्हाला वाईट वाटते, मला मात्र बरे वाटले. जुनी जर म्हणजे चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारीक तार, स्प्रिंगसारखी वळवून कापडावर टाचलेली. ती हवेने काळवंडते. आजच्या स्वस्त बिल्ल्यांत चमकीचा प्लास्टिक धागा असतो, तो पन्नास वर्षांनीही तसाच लखलखेल. अतिनील दिवा मिळाला तर अंधारात एकदा मारून बघा. पांढरे दोरे निळसर चमकले तर त्यांत युद्धानंतर सर्वत्र आलेली उजळ रसायने असण्याची शक्यता आहे. पण नंतर कुणी साबण पावडरीत धुतलेले कापडही तसेच चमकते, तेव्हा या एका चाचणीवर कुणाला फासावर चढवू नका.

म्हणूनच पॉलिश नको. अजिबात नको. पितळ घासायचे द्रव, टूथपेस्ट, कुठलेही आंबट पदार्थ, काहीच नको. मुलामा एका श्वासाएवढा पातळ असतो. घासला की खालचे तांबे उघडे पडते आणि पॉलिशची पांढरी पूड जरीच्या वेटोळ्यांत कायमची अडकते. पाणीही नको. आत पुठ्ठा आणि खळ असते, ती फुगली की नांगर वाकडा होतो. रंगकामाचा मऊ, कोरडा कुंचला घ्या, धूळ एकाच दिशेने झटका, झाले. हिरवा गंज कुठे दाट असेल तर तो भाग कापसाच्या काडीने कोरडाच हळू टिपा आणि सुटला नाही तर राहू द्या.

फ्रेम जरूर करा, पण बिल्ला चिकटवू नका. जाड सुती कापडावर चार बारीक टाके घालून बसवा, काच त्याला टेकणार नाही एवढी खोल चौकट घ्या आणि उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. तो जुना रुमालही त्याच चौकटीच्या मागे पाकिटात ठेवा. त्यावर धोब्याची खूण किंवा विणलेले नाव असेल तर तोही पुरावाच.

आता जरा नाजूक भाग. बिल्ला कोणत्या सेवेचा आणि सासऱ्यांचे वडील कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खलाशी एकमेकांचे बिल्ले घेतात, देतात, पत्त्यांत जिंकतात, दूरच्या बंदरात विकत घेतात. जरीचा हा बिल्ला अधिकाऱ्याचा. डेकवरच्या किंवा इंजिनच्या साध्या खलाशाच्या डोक्यावर तो नसे. तेव्हा पेटीतला बिल्ला त्यांचाच होता असे धरायचे तर दुसरा आधार हवा. तो बिल्ल्यापेक्षा कागदांत आणि फोटोंत मिळण्याची शक्यता जास्त.

घरात त्यांचा गणवेशातला एखादा फोटो असेल तर टोपी सोडा, बाही बघा. ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्याच्या बाहीवर सरळ पट्टे आणि वरच्या पट्ट्याला एक गोल वेटोळे असते. युद्धापुरते भरती झालेल्या स्वयंसेवक अधिकाऱ्यांचे पट्टे नागमोडी असत. व्यापारी जहाजांवरून नौदलाच्या राखीव दलात गेलेल्यांचे पट्टे दोन दोऱ्या एकमेकींत गुंफल्यासारखे. आणि मर्चंट नेव्हीच्या प्रमाण गणवेशात डेक अधिकाऱ्याच्या पट्ट्यांत गोल वेटोळ्याऐवजी चौकटच्या पत्त्यासारखा आकार येतो. काळ्या-पांढऱ्या फोटोतही तो ओळखू येतो. पट्ट्यांच्या मध्ये रंगीत कापड असेल तर फोटोत ते करड्या छटेचे दिसेल. जांभळे इंजिनिअरचे, पांढरे पर्सरचे, म्हणजे जहाजावरचे हिशेब सांभाळणाऱ्याचे, लाल डॉक्टरचे. नुसत्या करड्या छटेवरून जांभळे की लाल हे ठरवायला जाऊ नका, पांढरे तेवढे वेगळे कळते.

पेटी पुन्हा एकदा तळापर्यंत उपसा. सीडीसी, म्हणजे जहाजावर चढल्या-उतरल्याच्या नोंदींची पुस्तिका, मिळाली तर बाकी सगळ्याची गरज संपते. तीत जहाजांची नावे, तारखा, हुद्दा, सारे असते. ती नसली तरी तिचा क्रमांक एखाद्या पत्रावर, पगाराच्या चिठ्ठीवर, जहाजाच्या पासावर सापडू शकतो. बटणे फेकू नका, त्यांवरही मुकुट असतो आणि तो धातूत असल्यामुळे जरीपेक्षा स्वच्छ वाचता येतो. आणखी एक छोटी चंदेरी पिन शोधा. दोराच्या फासात ‘एम’ आणि ‘एन’ ही इंग्रजी अक्षरे आणि वर तोच गलबतांचा मुकुट. १९४० पासून ती ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या लोकांना देत. किनाऱ्यावर साध्या कपड्यांत फिरणाऱ्या तरुणाला ‘तू का लढत नाहीस’ असे कुणी हिणवू नये हा तिचा उपयोग, आणि ती फक्त अधिकाऱ्यांची नव्हती. ती मिळाली तर बिल्ल्यापेक्षाही मोलाची समजा.

फोटोवरून शोध घेणारी साधने वापरायला हरकत नाही, पण पूर्ण बिल्ल्याचा फोटो दिला तर ती जगातले सगळे नांगर तुमच्यापुढे ओततील. फोटो कापून फक्त मुकुट द्या, मग फक्त मधला भाग द्या. पुढचा फोटो बिल्ल्याशेजारी मोजपट्टी ठेवून, सावलीत, वरून सरळ काढा. दुसरा कडेच्या उजेडात, तिसरा पाठीचा. हेच तीन फोटो लंडनमधल्या ग्रीनिच इथल्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमसारख्या संग्रहालयाला पाठवता येतात. पाठवताना ‘हा नौदलाचा बिल्ला आहे का’ असे विचारू नका, ‘हा कशाचा बिल्ला आहे’ असे विचारा. आपणच उत्तर सुचवले की समोरचा त्याच दिशेने बघू लागतो.

दिरांशी कसे बोलायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रात ते दिसते. त्यांना ही पायरी खाली उतरल्यासारखी वाटेल. मग एवढेच सांगा की लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी आणि मासेमारी जहाजांवरच्या जवळजवळ २४,००० जणांची नावे कोरलेली आहेत आणि समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाही. त्या जहाजांवर काम केलेल्या माणसाला नौदलाचा अधिकारी बनवून मोठे करायची गरज पडत नाही. पुस्तिकेत सध्या एवढेच छापा: ‘पेटीत सापडलेला टोपीचा बिल्ला, काळ्या लोकरी कापडावर जरीकाम, बहुधा ब्रिटिश मर्चंट नेव्हीच्या अधिकाऱ्याच्या गणवेशातला.’ कुणाचा, हे कागद मिळाल्याशिवाय लिहू नका. छपाईला वेळ असेल तर खाली दोन ओळींची जागा मोकळी ठेवायला सांगा.

राहिला मुलाचा प्रश्न. नाटकाला हा बिल्ला देऊ नका. टोपीवर बसवायला तो शिवावा लागेल, मग उसवावा लागेल, आणि मेकअप, घाम व चिकटपट्टी यांच्यात एक रात्र काढल्यावर त्याची जर सुटू लागेल. मुलाला पुठ्ठ्यावर सोनेरी रंगाने नवा बिल्ला करू द्या. मुकुटात गलबते काढायला सांगा, कारण नाटकातला कॅप्टन व्यापारी जहाजाचा असेल तर तेच बरोबर ठरेल. तो युद्धनौकेचा असेल तर राजमुकुट. आधी संहिता वाचायला सांगा.